फांदीचे आभार

आभार मानणं ही काकांची सवय नव्हती, तो त्यांचा धंदाच होता. पगार त्यांना वीज कंपनीत कारकुनी केल्याबद्दल मिळाला, ही गोष्ट वेगळी. कार्यालयात कोणी निवृत्त झालं, कोणाची बदली झाली, नवा पंखा बसला, की समारंभ व्हायचा, आणि समारंभाच्या शेवटी आभार मानायला काका उभे राहायचे. बोलायला साहेब होते, गायला टायपिस्ट बाई होत्या, आभारांना काका. त्यांनी पाहुण्यांचे आभार मानले, खुर्च्यावाल्याचे मानले, माइकवाल्याचे मानले, आणि एकदा कार्यक्रमभर वीज गेली नाही म्हणून विजेचेसुद्धा मानले. आता आभार सुरू झाले की काय होतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. लोक चपला शोधायला लागतात. काकांचं एकही भाषण आजवर कोणी शेवटपर्यंत ऐकलेलं नव्हतं. त्याचं त्यांना वाईट वाटत असेल तर ते कधी बोलले नाहीत, कारण बोलायला तोंड उघडलं की आतून आभारच बाहेर यायचे. गल्लीत त्यांचं नावच आभारकाका पडलं होतं.

अशा माणसाला शेजाऱ्याशी भांडायची वेळ यावी, हे नशीब.

शेजारी दातांचे डॉक्टर राहत होते. एकटेच, सभ्य, हळू बोलणारे. दिवसभर लोकांचे दात उपटायचे आणि संध्याकाळी कुंड्यांना पाणी घालायचे. त्यांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती इतक्या कुंड्या होत्या, पण कुंड्यांशी कोणाचं काही भांडण नव्हतं. भांडण होतं कुंपणाच्या भिंतीला खेटून उभ्या असलेल्या निलगिरीच्या तीन झाडांशी. त्यांची पानं वर्षभर गळायची. काकांची पन्हळ तुंबायची, दोरीवरच्या कपड्यांत पानं अडकायची, सालीचे लांब लांब पापुद्रे सोलून व्हरांड्यात पडायचे. तेही एक वेळ सोसलं असतं. पण मधल्या झाडाला खालीच एक फाटा फुटला होता, आणि त्याची मांडीएवढी जाड फांदी भिंत ओलांडून काकांच्या मागच्या अंगणावरून थेट मागच्या खोलीच्या डोक्यावर आली होती. वारा सुटला की ती करकरायची. त्या आवाजानं काकू झोपेत दचकायच्या आणि काकांना कोपर मारायच्या, जणू तेच करकरताहेत.

त्यात लेकीचा फोन आला. लेक परगावी, तिला मुलगी झालेली, आणि काकांनी नात अजून डोळ्यांनी पाहिली नव्हती. फोनवर दिसायची, पण लेक फोन असा धरायची की काकांना नेहमी नातीचा एक कानच दिसायचा. आता लेक रजेवर होती आणि बाळाला घेऊन चार आठवडे राहायला येणार होती. घरात मोकळी अशी ती मागची खोलीच. काकूंनी हौसेनं खोलीचा फोटो पाठवला. फोटोत खिडकी आली, खिडकीत फांदी आली.

"बाबा, त्या फांदीखाली मी बाळाला झोपवणार नाही," लेक म्हणाली. "ती काढा, मग येते. माझी रजा आता महिनाभराचीच उरली आहे. या वेळी नाही जमलं तर पुढच्या वर्षीच."

पुढच्या वर्षी म्हणजे नात चालायला लागलेली असणार, आणि काकांना ओळखायचं की नाही हे तिचं तिनं ठरवलेलं असणार. काका फोन ठेवून बराच वेळ फांदीकडे बघत बसले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, काकू का नाही गेल्या बोलायला? काकूंची जीभ काही कमी नव्हती. गल्लीतले दोन भाडेकरू त्यांच्या नुसत्या बोलण्यानं घर सोडून गेले होते. पण काकूंची कवळी डॉक्टरांकडे होती. जुने दात काढून झाले होते, नव्यांचं माप दिलं होतं, आणि कवळी आज होते उद्या होते असं चाललं होतं. तोंडात दात नसताना काकू घराबाहेर बोलत नव्हत्या, आणि दात ज्याच्या हातात आहेत त्याच्याशी भांडायला त्या वेड्या नव्हत्या. "दात येईपर्यंत तुम्हीच बोला," त्यांनी पदर तोंडावर धरून सांगितलं, "पण बोला. आभार मानून येऊ नका."

काका गेले. फाटक उघडण्यापूर्वी त्यांनी मनातल्या मनात सगळी उजळणी केली. पानं, पन्हळ, फांदी, नात. डॉक्टर अंगणातच होते, हातात एक लांब बांबू घेऊन कसलीशी मोरी ढोसत होते. काकांना बघून त्यांनी बांबू बाजूला ठेवला, हात पुसले आणि म्हणाले, "बरं झालं आलात. मी तुमच्याकडे येणारच होतो, या झाडांचंच जरा..."

समोरच्यानं अर्धं वाक्य बोलून ठेवलं की ते पुरं करणं हे आभार मानणाऱ्याचं कामच असतं. "अहो, झाडांबद्दल तर आम्हीच तुमचे आभार मानायला हवेत," काका म्हणाले. आणि सुटले. सावलीचे आभार, गारव्याचे आभार, शुद्ध हवेचे आभार, पक्ष्यांच्या किलबिलाटाचे आभार. निलगिरीवर एक कावळा सोडून कधी काही बसलं नव्हतं, त्या कावळ्याचेही झाले. डॉक्टर ऐकत राहिले. मध्ये एकदा त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी ते आत गेले आणि एक पिशवी घेऊन आले. "तुम्हाला एवढं आवडतं हे माहीत नव्हतं मला," ते म्हणाले, "ही घ्या, सर्दीवर वाफ घ्यायला बरी."

काकूंनी पिशवी उघडून बघितली. पिशवीत निलगिरीची पानं होती. ज्या पानांची तक्रार करायला नवरा गेला होता ती पानं तो पिशवी भरून घरी घेऊन आला होता. काकू त्या दिवशी काकांशी बोलल्या नाहीत, आणि दात नसल्यामुळे ते चांगलंच झालं.

गल्लीला ही गोष्ट दुसऱ्या दिवशी कळली. समोरचे वकील सकाळीच आले. वकिलांकडे अशिलं फारशी नव्हती, त्यामुळे सल्ला ताजा असायचा. जमिनीवरून सरळ वर आकाशापर्यंतची हवा ज्याची जमीन त्याची, तेव्हा तुमच्या हवेत जेवढी फांदी आली तेवढी तुम्ही खुशाल कापा, विचारायची गरजच नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. काकांना हा सल्ला फार आवडला, कारण यात कोणाशी बोलायचं नव्हतं. वकिलांचे आभार मानायला त्यांनी अर्धा तास घेतला. वकील आठव्या मिनिटालाच निघून गेले होते, उरलेले आभार काकांनी फाटकापाशी उभ्याउभ्या मानले.

दुपारी काकांनी करवत घेतली, मागच्या खोलीला शिडी लावली आणि गच्चीवर चढले. या गच्चीवर पाण्याची काळी टाकी होती, आणि तिच्यावर वाकलेली ती फांदी. खालून मांडीएवढी वाटणारी फांदी वर गेल्यावर कमरेएवढी निघाली. काकांनी करवत टेकवली, डोळे मिटले आणि दोन घासे मारले. भुसा निघाला, काकांना धीर आला. तेवढ्यात भिंतीपलीकडून डॉक्टरांचा आवाज आला. गच्चीवर काय चाललंय, असं ते विचारत होते.

डोळे मिटून, करवत हातात घेऊन, शेजाऱ्याच्या झाडावर वाकलेल्या माणसाला याचं काय उत्तर सुचणार? काका म्हणाले, "फांदी जरा हलते, म्हणून बघत होतो. काही होऊ नये तिला."

डॉक्टरांना भरून आलं. ते लगबगीनं आत गेले आणि जाडजूड दोर घेऊन शिडीवरून वर आले. या वयात तुम्ही एवढी काळजी घेता, मी बघत बसू काय, असं म्हणत त्यांनी फांदीला दोराचे चार वेढे दिले आणि दुसरं टोक काकांच्या पाण्याच्या टाकीच्या गळ्याभोवती आवळलं. टाके घालणाऱ्या माणसाची गाठ, ती सुटते कशाला? करवतीकडे बघून त्यांनी विचारलंसुद्धा, की ही कशाला? वाळलेली साल काढायला, असं काका म्हणाले. आणि मग डॉक्टरांच्या देखत बसून त्यांनी वाळलेली साल काढली.

त्या दिवसापासून वारा सुटला की फांदी करकरायची, दोर ताणला जायचा, आणि टाकी हुंकार द्यायची. आता काकू दोन आवाजांनी दचकायला लागल्या. लेकीला यातलं काही सांगू नका असं काकांनी विनवलं, पण काकूंनी फोटो पाठवला. फोन आला तो एकाच वाक्याचा. "बाबा, तुम्ही फांदी काढायच्या ऐवजी घराला बांधली?"

आता गल्लीतले विमा एजंट आले. त्यांचा सल्ला सोपा होता, आधी विमा काढा आणि मग फांदी पडू द्या. काकूंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. दात नसतानाही त्या बघण्यात पुष्कळ काही होतं, एजंट पायरीवरूनच परत गेले. जाता जाता मात्र त्यांनी एक कामाची गोष्ट सांगितली, की नगरपालिकेत उद्यान खातं असतं आणि धोक्याची झाडं ते तोडून देतं. तक्रार करा, खात्याचे साहेब येऊन बघून जातील.

तक्रार लेखी होती, ती काकूंनी लिहिली, म्हणून ती तक्रारच राहिली. खात्यात काका ती घेऊन गेले. ज्या टेबलावर द्यायची ते टेबल जेवायला गेलं होतं, जेवून आलं तर बदलीवर गेलं होतं, आणि नवं टेबल यायचं होतं. काकांनी कार्यालयात आयुष्य घालवलेलं, त्यांना यात काहीच गैर वाटलं नाही. उलट जुन्या घरी आल्यासारखं वाटलं. ते बाकावर बसून राहिले, येणाऱ्या जाणाऱ्याला हसून मान डोलवत राहिले, आणि तिथल्या शिपायानं पाण्याचा पेला दिला तेव्हा उभं राहून त्याचे आभार मानले. त्या कार्यालयात शिपायाचे आभार आजवर कोणी मानले नव्हते. त्यानं तक्रार स्वतःच्या हातानं साहेबांच्या टेबलावर सगळ्यात वर ठेवली. इतकं लवकर कोणाचं काम तिथे कधी झालं नव्हतं, आणि तिथेच घात झाला.

कारण साहेब दुसऱ्याच दिवशी आले. एरवी यायला महिने लागले असते, तोवर काकूंचे दात आले असते, आणि त्या साहेबांशी स्वतः बोलल्या असत्या. साहेब तरुण होते, उन्हातून आले होते, वैतागलेले होते. दारोदार शिव्या खाऊन त्यांचा चेहरा कडू झालेला होता. डॉक्टर शेजारून बघायला आले, भिंतीपलीकडे कुंड्यांच्या गर्दीत उभे राहिले. काकू दाराआड, पदर तोंडावर.

"तुमची तक्रार आहे ना? बोला, काय त्रास आहे?" साहेबांनी वैतागूनच विचारलं.

काकांनी डॉक्टरांकडे बघितलं. दाराकडे बघितलं. साहेबांच्या कपाळावरच्या घामाकडे बघितलं आणि विरघळले. "सर्वप्रथम," ते म्हणाले, "आपण एवढ्या उन्हातून वेळात वेळ काढून आलात..."

दाराआडून काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

साहेबांशी इतक्या दिवसांत कोणी असं बोललं नव्हतं. ते खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, त्यांचा चेहरा निवळला. काकांनी त्यांचे आभार मानले, खात्याचे मानले, झाडं जपणाऱ्या डॉक्टरांचे मानले, आणि मग साहेबांची नजर त्या दोराकडे गेली. हा कशासाठी, असं त्यांनी विचारलं. भिंतीपलीकडून डॉक्टर अभिमानानं म्हणाले, की फांदीला इजा होऊ नये म्हणून यांनी आपल्या पाण्याच्या टाकीचा आधार दिलाय. साहेब उठून उभे राहिले. हातातला तक्रारीचा कागद त्यांनी घडी करून खिशात घातला, चुकून कोणीतरी पाठवला असणार असं म्हणाले, आणि काकांचा हात हातात घेऊन हलवला.

आठवडा व्हायच्या आत तिन्ही झाडांना हिरव्या पत्र्याच्या पाट्या ठोकल्या गेल्या. संरक्षित वृक्ष, तोडल्यास कारवाई. आणि आभारकाकांना नगरपालिकेतर्फे वृक्षमित्र म्हणून शाल देण्याचं ठरलं. डॉक्टरांच्या अंगणात कुंड्यांमुळे खुर्च्या मावणार नव्हत्या, म्हणून समारंभ काकांच्याच मागच्या अंगणात, त्या झाडांच्या सावलीत. प्रमुख पाहुण्या नगराध्यक्षा बाई. शेवटी आभार कोण मानणार, हे विचारायचीही कोणाला गरज वाटली नाही.

काकू रडल्या. रागावल्या असत्या तर काकांना सोसलं असतं, पण त्या खाटेवर बसून खरोखर रडल्या. लेकीची रजा आता आठवडाभरच उरली होती. मागच्या खोलीत बाळासाठी आणलेलं पांघरूण घडी करून ठेवलेलं होतं, तेच त्यांनी डोळ्यांना लावलं. काका दारात उभे राहिले. या वेळी त्यांच्या तोंडातून आभारसुद्धा आले नाहीत.

समारंभाच्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी काकूंची कवळी आणून दिली. शुभ दिवशी नवे दात, असं म्हणून हसले. काकूंनी आरशासमोर ती बसवली, उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं, दोनदा चावून बघितलं, आणि काकांकडे वळून कितीतरी आठवड्यांत पहिल्यांदा स्वच्छ शब्दांत बोलल्या.

"आज तुम्ही बोलला नाहीत," त्या म्हणाल्या, "तर मी बोलेन."

नगराध्यक्षा, साहेब, डॉक्टर, अख्खी गल्ली, आणि त्यांच्या समोर नव्या दातांच्या काकू. ते दोन भाडेकरू त्यांना आठवले. काकू डॉक्टरांना असं काही बोलतील की पुन्हा या भिंतीपलीकडून कोणी हाक मारणार नाही. आणि काका गप्प राहिले तर नात येणार नाही. यातून मधली वाट कोणालाच दिसली नसती, काकांनाही दिसत नव्हती.

समारंभ थाटात झाला. फलक उंच टांगायला नगरपालिकेची शिडीची गाडी आली होती, ती गाडी आणि फांद्या तोडणारी माणसं गल्लीत पेंगत थांबली होती. साहेब बोलले, डॉक्टर थोडंसं बोलले, नगराध्यक्षा बाई बरंच बोलल्या. शाल काकांच्या खांद्यावर आली. भर उन्हाळ्यात लोकरीची शाल, पण काकांनी ती काढली नाही. पहिल्या रांगेत काकू हाताची घडी घालून बसल्या होत्या. त्यांचे ओठ मिटलेले होते आणि आतले दात तयार होते.

"आता आभार," साहेब म्हणाले, आणि लोक चपला शोधायला लागले.

काका उभे राहिले. वकील उठले होते, विमा एजंट फाटकापाशी पोचले होते, नगराध्यक्षा बाईंनी पर्स उचलली होती. काकूंनी हाताची घडी सोडली. काकांनी एकदा काकूंकडे बघितलं, एकदा वर बघितलं, आणि मग त्यांना आयुष्यभर जे येत होतं तेच त्यांनी करायचं ठरवलं.

"सर्वप्रथम," काका म्हणाले, "मी नगराध्यक्षा बाईंचे मनापासून आभार मानतो. तास झाला, त्या बरोबर या फांदीच्या खाली बसल्या आहेत. आम्हाला दोघांना इतकी वर्षं या घरात राहून ते धैर्य झालं नाही."

बाईंची पर्स हवेतच थांबली. लोक जागच्या जागी उभे राहिले. वकिलांच्या एका पायात चप्पल होती.

"साहेबांचे आभार मानतो. ही फांदी वाऱ्यानं रोज करकरते, हे ठाऊक नसतानाही त्यांनी तिच्याखाली खुर्च्या मांडल्या. माझ्या पाण्याच्या टाकीचे आभार मानतो, फांदीचा भार तिनं आजवर एकटीनं ओढून धरला आहे. आणि माझ्या नातीचे..." इथे काकांनी मागच्या खोलीच्या खिडकीकडे बघितलं. "माझ्या नातीचे आभार मानतो. या फांदीखाली तिला झोपवायचं नाही म्हणून ती अजून आमच्या घरी आलेली नाही, पण तिनं त्याबद्दल काही तक्रार केलेली नाही. आणि शेवटी, या फांदीचे. ती कार्यक्रम संपेपर्यंत थांबली. आता माझं भाषण संपतंय, त्यामुळे तिच्यावर आणखी काही बंधन राहत नाही."

आणि कुठूनतरी वाऱ्याची झुळूक आली. फांदी करकरली. टाकीनं हुंकार दिला.

काकांच्या आभारात उठून जायची लोकांना सवय होती, पण खुर्च्या पाडत पळायची ही पहिलीच वेळ. नगराध्यक्षा बाई सगळ्यांच्या पुढे होत्या. मंडळी मागच्या खोलीच्या छज्ज्याखाली भिंतीला पाठ लावून दाटीवाटीनं उभी राहिली. बाईंनी तिथूनच फर्मावलं, फांदी आत्ताच्या आत्ता खाली आली पाहिजे. झाड संरक्षित आहे, समितीची बैठक घ्यावी लागेल, असं साहेब चाचरत म्हणाले. समितीची अध्यक्ष मीच आहे आणि बैठक आत्ता छज्ज्याखाली चालू आहे, असं बाई म्हणाल्या. पेंगणारी माणसं उठली, शिडीची गाडी गल्लीतून आत आली, करवत लागली.

करवत अर्ध्यात गेली तेव्हा काकांना दोर आठवला. तो सोडायला हवा, एवढंच सांगायचं होतं. ते पुढे झाले, मान वर केली आणि म्हणाले, "सर्वप्रथम, आपण एवढ्या तत्परतेनं..." तत्परतेपर्यंत ते पोचले आणि फांदी तुटली.

फांदी अंगणात आली. कोणाला लागलं नाही, खुर्च्या तेवढ्या चेपल्या. पण डॉक्टरांची गाठ ती, सुटली नाही. दोर ताणला, टाकी एकदा डुलली, तिनं मान खाली घातली, आणि सकाळीच काठोकाठ भरलेली ती टाकी छज्ज्याच्या कडेवरून नगराध्यक्षा, उद्यान खातं, वकील आणि विमा यांच्यावर सारखीच रिकामी झाली. पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

मग कोणीतरी हसलं. बघतात तो डॉक्टर, नखशिखांत भिजलेले, भिंतीला धरून हसत होते. काका ओली शाल सांभाळत त्यांच्यापुढे गेले आणि मान खाली घालून उभे राहिले.

"अहो, या झाडांच्या मुळांनी माझी मोरी दर आठवड्याला तुंबते," डॉक्टर डोळे पुसत म्हणाले. "घर घेतलं तेव्हापासून ही झाडं काढायची होती मला. तेच सांगत होतो त्या दिवशी, तर तुम्ही आभार मानायला लागलात. म्हटलं, शेजाऱ्याचा एवढा जीव आहे झाडांवर, आपण बांबूनं ढोसत राहू. एवढी वर्षं दात काढतोय, पण दुखत असताना छान वाटतंय म्हणणारा पेशंट मी पहिल्यांदा बघितला."

काकूंनी तोंड उघडलं. काकांनी डोळे मिटून घेतले. पण काकू म्हणाल्या एवढंच, "डॉक्टर, वरचा जरा टोचतो. हसताना." आणि त्या इतक्या हसल्या की डॉक्टरांना कवळी तिथेच काढून बघावी लागली. झाडं मात्र पाट्यांसकट तशीच उभी राहिली. संरक्षित ना. आता काका आणि डॉक्टर दोघे मिळून मोरी ढोसतात.

लेक तिसऱ्या दिवशी आली. नात अख्खी आली, दोन्ही कानांसह. खिडकीत आता ऊन होतं, काकूंनी त्या उन्हात पांघरूण उलगडून ठेवलं होतं. पण नातीला जागा नवी, माणसं नवी, ती दुपारभर रडली. लेकीनं फिरवलं, काकूंनी गाणं म्हटलं, डॉक्टर भिंतीवरून डोकावून खुळखुळा वाजवून गेले. शेवटी लेक दमली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही घ्या जरा."

काकांनी नातीला दोन्ही हातांवर घेतलं. ती त्यांच्याकडे बघून आणखी जोरात रडली. दुसरं काही येत नव्हतं, म्हणून ते खोलीतल्या खोलीत चालू लागले आणि हळूच म्हणाले, "सर्वप्रथम..."

त्यांनी लेकीचे आभार मानले, गाडीच्या ड्रायव्हरचे मानले, साहेबांचे आणि शिपायाचे मानले. वकिलांपर्यंत आले तेव्हा रडणं थांबलं होतं. नात डोळे मोठे करून त्यांच्या तोंडाकडे बघत होती, हलत नव्हती, कुठे जायची घाई करत नव्हती. डॉक्टरांपर्यंत आले तेव्हा तिच्या पापण्या जड झाल्या होत्या. काका थांबले, तशी तिनं ओठ काढले.

"थांबू नका," काकू दारातून कुजबुजल्या. "चालू द्या."

काकांनी फांदीचे मानले, टाकीचे मानले, काकूंच्या दातांचे मानले. मग आणखी कोणी राहिलं नाही. नात झोपली होती, तिची मूठ त्यांच्या सदऱ्याच्या बटणावर होती. काकांनी आवाज अगदी खाली आणला.

"आणि शेवटी," ते तिला म्हणाले, "तू आलीस, त्याबद्दल."